शिष्यवृत्तीची स्पर्धा आणि धम्माची कसोटी



आपल्या घराघरांतून आज एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. आपल्या आज्या-पणज्यांना तो पडला नाही, कारण तो पडण्याइतकी वाटच त्यांच्यासाठी मोकळी नव्हती. प्रश्न असा की, धम्म आपल्याला तृष्णा सोडा म्हणून सांगतो, मत्सर सोडा म्हणून सांगतो. आणि आपली मुले एम.ए., एम.एस्सी. होऊन ज्या परीक्षांना बसतात त्या परीक्षा त्यांना दुसऱ्याच्या पुढे जा म्हणून सांगतात. मग बौद्ध घरातल्या मुलाने काय करावे? स्पर्धेत उतरावे की उतरू नये? उतरले तर कसे उतरावे?

हा प्रश्न हवेतला नाही. समजा, मिरजेच्या एकाच वस्तीत दोन घरे आहेत. भिंतीला भिंत लागून आहे. दीक्षा दोघांनी मिळून घेतली, रविवारी विहारात वंदनेला दोन्ही घरे एकाच सतरंजीवर बसतात. एका घरातली मुलगी आणि दुसऱ्या घरातला मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एकाच विषयात एम.ए. झाले. दोघांनी रोज एकाच गाडीने जाऊन-येऊन अभ्यास केला. दोघेही ‘नेट’ परीक्षेला बसले. मुलीला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे.आर.एफ., मिळाली, मुलाची थोड्या गुणांनी हुकली. दुसऱ्या दिवसापासून दोन घरांतले बोलणे कमी झाले. एका घराला आनंद मोकळेपणाने करता येईना, दुसऱ्या घराला दुःख बोलून दाखवता येईना. अशी घरे तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुमचेच घर त्यांपैकी एक असेल. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

प्रथम ही अधिछात्रवृत्ती म्हणजे काय, हे ज्या आई-बापांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर जो पीएच.डी.चे संशोधन करू इच्छितो त्याला उपजीविकेची चिंता पडू नये म्हणून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. १ जानेवारी २०२३ पासून जे.आर.एफ.ला ही रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि पुढच्या टप्प्यावर, एस.आर.एफ.ला, ४२,००० रुपये. ‘नेट’ला दोन पेपर असतात, मिळून तीन तास, १५० प्रश्न आणि ३०० गुण. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडू नये. वयाची सर्वसाधारण अट ३० वर्षांची. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे. याखेरीज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. ती २००५-०६ साली राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती या नावाने सुरू झाली. पुण्याच्या ‘बार्टी’ची बाबासाहेबांच्या नावाने अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. हे सारे मिळते, पण मागणारे हजारो आणि जागा मोजक्या. म्हणूनच स्पर्धा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

इच्छा आणि तृष्णा

काही जण म्हणतात, धम्म हा इच्छा मारण्याचा मार्ग आहे, तेव्हा ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने धम्माचे नाव घेऊ नये. हा समज चुकीचा आहे. भगवान बुद्धांनी तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले, प्रयत्नाला नव्हे. अष्टांग मार्गात सम्यक संकल्प आहे आणि सम्यक व्यायामही आहे. व्यायाम म्हणजे प्रयत्न. जो काहीच इच्छीत नाही त्याला संकल्प कशाचा आणि व्यायाम कशासाठी? पाली भाषेत चांगले काम करण्याच्या ओढीला ‘छंद’ असा वेगळा शब्द आहे आणि हावरेपणाला ‘तण्हा’ असा वेगळा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही पहाटे उठून अभ्यासाला बसतात. मग ओळखायचे कसे?

ओळखण्याची एक साधी खूण आहे. आपल्या मुलाला, मुलीला विचारा: ही शिष्यवृत्ती मिळाली नाही, तरी हा विषय तुला शिकावासा वाटेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर तो छंद. उत्तर असे असेल की, ‘शेजारच्याला मिळाली नसती तर मला एवढे वाईट वाटले नसते,’ तर तिथे तृष्णा शिरली आहे. पहिल्याला विद्या हवी आहे. दुसऱ्याला दुसऱ्याच्या वरची जागा हवी आहे. विद्या वाटली तरी कमी होत नाही, पण वरची जागा एकालाच मिळते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या इच्छेला कधी समाधान नसते. एक परीक्षा संपली की ती दुसरा शेजारी शोधते.

बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवीपुरते विषय घेऊन मोकळे होण्याची सोय त्यांना होती. पण तिथल्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतले. याखेरीज भाषांचे वेगळेच. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. ही कोणाच्या पुढे जाण्याची धडपड नव्हती. पुन्हा अशी संधी येईल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाची ती ज्ञानाची भूक होती.

परंतु ओढ चांगली असली तरी तिलाही प्रमाण पाहिजे. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव आहे. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तार ढिली राहिली तर सूर लागत नाही आणि फार ताणली तर तुटते, हे मिरजेच्या माणसाला शिकवावे लागत नाही. चंपा नगरीचा सोण नावाचा भिक्खू होता. मोठ्या घरचा, अतिशय सुकुमार. त्याने साधनेत स्वतःला इतके पिळून काढले की चालून चालून पायांतून रक्त आले, तरी मन शांत होईना; तेव्हा सारे सोडून घरी परतावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला पूर्वी तो वाजवीत असलेल्या वीणेच्याच तारांची आठवण करून दिली. आपल्या मुलांचेही तसेच आहे. दोन वर्षे झोप टाकून अभ्यास केला आणि तिसऱ्या वर्षी पुस्तकाला हात लावावासा वाटेना, अशी मुले वस्तीत आहेत. त्यांना आळशी म्हणू नका. त्यांची तार फार ताणली गेली आहे, एवढेच.

प्रतिस्पर्धी कोण?

आता त्या दोन घरांकडे परत येऊ. ज्या घराची संधी हुकली त्या घराला वाटते, शेजारणीच्या मुलीने आपल्या मुलाची जागा घेतली. हे खरे आहे काय?

प्रामाणिकपणे पाहू. एकाच विषयात, एकाच प्रवर्गात दोघे बसले असतील तर एकाची निवड झाल्याने दुसऱ्यासाठी एक जागा कमी झाली हे खोटे नाही. ते नाकारून आपण एकमेकांचे समाधान करू नये. पण जागा किती असाव्यात हे त्या मुलीने ठरवले काय? राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीला वर्षाला ७५ जागा आहेत, अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीला साऱ्या देशात २,०००. हे आकडे कुठल्या तरी कचेरीत ठरले. तिथे ना ती मुलगी होती, ना तो मुलगा. ज्यांच्या हाती पेरणी आहे त्यांनी दोन मुठी धान्य टाकायचे आणि पाखरांनी एकमेकांना टोचायचे, असा हा प्रकार आहे. शेजारणीवर रागावणे सोपे असते, कारण ती समोर दिसते. ज्याने जागा मोजल्या तो दिसत नाही. मत्सराचा मोठा दोष हाच की, तो आपली नजर खऱ्या कारणावरून हलवून जवळच्या माणसावर आणतो. दुःखाचे कारण शोधा, असे धम्म सांगतो. मत्सर खोटे कारण हातात देतो आणि शोध थांबवतो.

म्हणून मैत्री, करुणा आणि उपेक्षा यांच्या जोडीला भगवंतांनी मुदिता सांगितली. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे. करुणा त्या मानाने सोपी असते. शेजारी पडला तर त्याला उचलायला आपण धावतो. पण शेजारी चढला तर टाळी वाजवायला हात जड होतात. म्हणून मुदितेचा अभ्यास करावा लागतो, ती आपोआप येत नाही. आणि तो अभ्यास निकालाच्या दिवशी सुरू करून चालत नाही, परीक्षेच्या आधीच करावा लागतो. पुस्तके दोघांत वापरावी. जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र सोडवाव्या. एकाने संशोधनाचा आराखडा लिहिला तर दुसऱ्याने तो वाचून त्यातल्या चुका दाखवाव्या.

कोणी विचारील, ‘अशी मदत केली तर माझी संधी कमी नाही का होणार?’ केसभर कमी होईलही. देशभरातून हजारो उमेदवार बसतात, त्यांतल्या एकाला तुम्ही मदत केली. त्या एकामुळे तुमची जागा जाण्याचा संभव अत्यल्प आहे. उलट तुमचा आराखडा वाचणारा एक जाणता माणूस तुम्हाला मिळाला, हा लाभ मोठा आहे. ज्या घरांत पूर्वी कोणी प्रबंध लिहिलेला नाही त्या घरांतल्या मुलाला दुसरा वाचणारा मिळणार कुठे? उच्चवर्णीय घरातल्या मुलाला काका असतो, मामा असतो, बापाचा प्राध्यापक मित्र असतो. आपल्या मुलाला आपली वस्तीच काका-मामा झाली पाहिजे.

अर्जावरचा शब्द

स्पर्धेत उतरायचे ते शीलाने. विद्येपेक्षा शील मोठे, शीलाशिवाय विद्या धोक्याची, हे बाबासाहेबांनी वारंवार सांगितले. तेव्हा अर्ज भरण्याच्या क्षणी पंचशीलातली दोन शीले आपल्यासमोर उभी राहतात: न दिलेले न घेणे आणि खोटे न बोलणे.

धर्माच्या रकान्यापासून सुरुवात करू. नवदीक्षित घरांना हा रकाना फार छळतो. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ असते, मनात बुद्ध असतो, आणि भीती अशी की ‘बौद्ध’ लिहिले तर सवलत जाईल. ही भीती कुठून आली हे समजून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. त्यानंतर केंद्राच्या कायद्यात बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत स्थान उरले नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात मात्र १९९० साली कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या माणसांसमोर दोनच वाटा होत्या: खरे बोलून मुलाचे शिक्षण गमवायचे किंवा खोटे लिहून ते टिकवायचे. त्या काळात पोटासाठी ज्यांनी ‘हिंदू’ लिहिले त्यांना दोष देण्याचा अधिकार आज आपल्याला नाही. दोष अशी निवड करायला लावणाऱ्या व्यवस्थेचा होता.

पण १९९० नंतर ती सबब उरली नाही. बौद्ध असूनही अनुसूचित जातीचा दाखला मिळतो आणि केंद्राची शिष्यवृत्तीही मिळते. दाखल्यावर पूर्वजांची जात लिहिली जाते, ती आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून. तो आपल्या श्रद्धेचा कबुलीजबाब नाही. त्यामुळे जात लिहिण्यात असत्य नाही, पण बौद्ध असून धर्म ‘हिंदू’ लिहिण्यात आहे. एवढे मात्र खरे की कागद जुळवायला वेळ लागतो. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले की पडताळणीत अर्ज अडकतो. म्हणून मूल दहावीत असतानाच कागद नीट करून घ्या. ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षी धावपळ केली की घाबरून माणूस पुन्हा जुनाच शब्द लिहितो.

दुसरा रकाना उत्पन्नाचा. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असावे लागते. आपल्यात आता साहेब झालेले लोक आहेत आणि त्याचा आनंदच आहे. पण एखादा साहेब भावाच्या नावाने दाखला काढून, उत्पन्न लपवून मुलाचा अर्ज भरत असेल तर तो सरकारला फसवतो, एवढेच म्हणून थांबता येणार नाही. कुपवाडच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाच्या मुलीची जागा तो घेतो. न दिलेले घेणे ते हेच. सवर्णांनी आपले हक्क बळकावले म्हणून आपण रोज बोलतो. आपल्यातल्याच दुबळ्याचे बळकावले तर तोंड कुठे लपवणार?

तिसरी गोष्ट संशोधनाच्या विषयाची. २०२२ साली केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. त्याच विषयाचा अर्ज घेऊन आजचा विद्यार्थी गेला तर त्या नियमाने तो दारातच अडेल. मग पैशासाठी विषय बदलावा काय? ज्याला दुसऱ्या विषयाचीही खरी ओढ आहे त्याने बदलावा, त्यात पाप नाही. पण एक विषय लिहून दुसराच करीन, असा डाव मनात धरून अर्ज करू नये. ज्याला जातीचाच अभ्यास करायचा आहे त्याने ‘नेट’, ‘बार्टी’ अशा दुसऱ्या वाटा पाहाव्या. आणि नियम बदलण्याची मागणी समाजाने मोठ्याने करावी, ते ओझे एकट्या विद्यार्थ्यावर टाकू नये.

ऋण कोणाचे?

आता सर्वांत कठीण प्रश्न. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली तो कोणाचा ऋणी?

याचे उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात शोधले पाहिजे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सही झाली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, प्राध्यापक सेलिग्मन यांचे शिफारसपत्र बरोबर होते. तिथला अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. ते परतले आणि सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यात रुजू झाले. पुढे काय झाले ते आपण जाणतो. कचेरीत स्पर्शाचा विटाळ, शहरात राहायला खोली नाही, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्या दिवशी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांच्या कराराची नोकरी काही दिवसांतच संपली.

काही लोक विचारतात, बाबासाहेबांनी करार मोडला नाही काय? या प्रश्नाला रागावून उत्तर देऊ नका, विचार करून द्या. करार एका बाजूचा नसतो. दहा वर्षे नोकरी कर, असे सांगणाऱ्यावर नोकरी करता येईल अशी जागा देण्याचेही बंधन येते. माणूस हजर झाला आणि त्याला गावात छप्पर मिळू दिले नाही. मग करार कोणी मोडला? महाराजांचा हेतू चांगला होता, त्यांचे उपकार आपण कृतज्ञतेने स्मरतो. पण एका राजाच्या चांगल्या हेतूने शहरातली अस्पृश्यता हटली नाही. बाबासाहेब पळाले नाहीत. ते गेले, उभे राहिले आणि हाकलले गेले. मात्र याचा आधार घेऊन कोणी नुसत्या सोयीसाठी बंधपत्र मोडू नये. ज्याला छप्पर आणि मान दोन्ही मिळाले आहेत त्याला ही सबब लागू नाही.

यापुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. करार संपला म्हणून ऋण संपले, असे बाबासाहेबांनी मानले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने उच्च शिक्षण द्यावे, परदेशी पाठवावे, अशी मागणी होती. त्यातूनच सरकारी शिष्यवृत्त्यांची वाट उघडली. ज्याला एकदा एका राजाच्या मर्जीने शिष्यवृत्ती मिळाली होती त्याने ती मर्जीची गोष्ट हक्काची केली. बडोद्याचे ऋण असे फिटले. ते देणाऱ्याकडे परत गेले नाही. मागून येणाऱ्यांकडे गेले.

म्हणून आपल्या मुलांना दोन गोष्टी सांगा. पहिली, ही भीक नव्हे. साबणाची वडी विकत घेणारी मजूर बाईसुद्धा कर भरते. त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळते. ती घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. दुसरी, पैसा त्या बाईचा आहे हे विसरू नका. दुसऱ्याचा प्रबंध उतरवून काढणारा, पाच वर्षे पैसे घेऊन विषयाला हात न लावणारा त्या बाईचे देणे बुडवतो.

पण समाजानेही एक मर्यादा पाळावी. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल दुःख व्यक्त केले. त्याचा आधार घेऊन आपण प्रत्येक संशोधकाने जयंतीला भाषण केलेच पाहिजे असा हट्ट धरतो. कोणी गणितात, कोणी रसायनात संशोधन करील. त्याला ‘समाजासाठी काय केलेस?’ म्हणून टोचू नका. बाबासाहेबांचा डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, जातीवर नव्हता. पण चलनाच्या शाही आयोगापुढे ते अधिकाराने बोलले ते त्याच अभ्यासाच्या जोरावर. प्रामाणिक संशोधन हीसुद्धा फेड आहे. त्याच्याकडून आपण एवढेच मागावे की, मागून येणाऱ्याला दार कुठे आहे ते त्याने दाखवावे.

ज्याची हुकली त्याच्यासाठी

ज्यांना यश मिळत नाही त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. मार्च १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी बाबासाहेबांचा प्रबंध दुरुस्तीसाठी परत केला होता. हातात पैसा उरला नव्हता. ते मुंबईला परतले, इथे बसून तो पुन्हा लिहिला आणि पाठवला. त्याच वर्षी तो स्वीकारला गेला. परत आलेला प्रबंध म्हणजे परत आलेला माणूस नव्हे.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे चिंता मिटली, असेही समजू नका. पैसे महिनोन्महिने अडकतात. २०२३ साली ‘बार्टी’च्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाची अधिछात्रवृत्ती सात महिने थकली होती. त्याला वसतिगृहातून काढले होते. १७ जानेवारी २०१६ ला आपण त्याला गमावले. एका माणसाचा शेवट एकाच कारणाने होतो असे म्हणू नये. पण लांबच्या विद्यापीठात आपले मूल एकटे पडू नये ही जबाबदारी आपली आहे. दर आठवड्याला फोन करताना ‘अभ्यास कसा चालला?’ एवढेच विचारू नका. जेवलास का, पैसे आले का, कोणी बोलायला आहे का, हेही विचारा. आणि काही झाले तरी घरी ये, घराचे दार उघडे आहे, हे शब्दांनी सांगा. मनात आहे तेवढ्याने भागत नाही.

आता काय करावे ते सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्याच साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या ७ नोव्हेंबरला प्रत्येक विहारात मिरवणुकीच्या खर्चातून थोडा भाग काढून ठेवा. त्यातून एक कपाट घ्या, त्यात जुन्या प्रश्नपत्रिका आणि पूर्वी मंजूर झालेले संशोधन-आराखडे ठेवा. ज्याला अर्ज भरता येतो असा एक माणूस रविवारी वंदनेनंतर तासभर बसवा. आणि एक छोटा निधी उभा करा. कोणाची अधिछात्रवृत्ती थकली तर त्याला त्यातून बिनव्याजी उसने द्यावे आणि रक्कम आली की त्याने परत भरावे. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एकत्र ठेवली ती सामान्य माणसांच्या पै-पैशावर. आपल्यालाही ते जमेल.

त्या दोन घरांपैकी ज्या घराला यश आले त्याने पहिले पाऊल टाकावे. दुखावलेल्याने आधी यावे, अशी अपेक्षा ठेवणे बरे नाही. मुलीने आपल्या टिपणांची वही घेऊन शेजारच्या दारात जावे आणि म्हणावे, ‘दादा, डिसेंबरच्या परीक्षेला आपण दोघे मिळून तयारी करू.’ आणि मुलाने ती वही घ्यावी. ती देणे ही मैत्री आहे, आणि मोकळ्या मनाने ती घेणे ही मुदिता आहे. दोन्ही गोष्टींना कुठल्याही परीक्षेत गुण नाहीत. पण दीक्षेच्या दिवशी आपण ज्या माणसांत सामील झालो ती माणसे कशी असतात, हे याच वेळी कळते.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.